मे बासष्टचे तीन आकडे

१२ फेब्रुवारी १९९३, शुक्रवार

दुपारचे दोन. कलकत्त्याला याच वेळी आम्ही पुलावर असायचो. हे हावड्याच्या टोकाला, मी अलीकडच्या टोकाला — छत्री आणि पितळी मापपट्टी घेऊन. ट्राम गेली की दोघांनी एकाच क्षणी वाकायचं आणि रुळांमधली फट मोजायची. उन्हानं पूल लांबतो, फट मिटत जाते. पार मिटली तर रूळ उचलतो. फार रुंद ठेवली तर चाक आदळून सांधा फुटतो. मला हे सगळं लग्नानंतर कळलं. कॉन्व्हेंटात भरतकाम आणि पियानो शिकवला होता!

ट्रामच्या ऑफिसानं मदतीला माणूस दिला नाही, म्हणून ह्यांनी बायकोला कामाला लावलं. मोजून झालं की पुलाच्या मध्यावर भेट. "किती सूत, वत्सला?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग एका पुडीतले शेंगदाणे दोघांत.

आज पेपरात वाचलं — त्या पुलावरून ट्रामच बंद. पुलाला एवढा भार झेपत नाही म्हणे. शेजारच्या राजमला सांगितलं — इकडे तामिळ मुलखात सगळे मला मामीच म्हणतात. "तिकडची ट्राम गेली तर तुमचं काय गेलं, मामी?" खरंच. हे जाऊनही चार वर्षं झाली.

१७ फेब्रुवारी

इंजिनिअरिंग कॉलेजातली लक्ष्मीप्रिया मोपेडवर आली. पुलांवरून ट्राम कशी न्यावी यावर प्रबंध लिहिते आहे. ह्यांची पुलावरच्या मापांची जुनी वही तिनं देवाच्या पोथीसारखी उघडली.

"मामी, बासष्टच्या मे महिन्यातले हे तीन दिवस म्हणजे सोनं! एवढ्या उन्हात एक सूत फट उरली. माझं सगळं गणित यावरच उभं करते. उद्या कुणी नवा पूल बांधला तर हेच माप घेईल."

मी कॉफीत दुसऱ्यांदा साखर घातली. तिला वाटलं, वय.

१८ फेब्रुवारी

ते तीन आकडे खोटे आहेत. मी बनवलेले.

२१ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकते. तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. महिन्याचे तीन दिवस दूर बसायचं. वही देवघराखालच्या फडताळात, म्हणजे हात लावायचा नाही. पण "पुलाला कुठलं सोवळं?" म्हणून हे मला न्यायचेच. माझ्या टोकाचे आकडे चिठ्ठीवर लिहून मी कमरेला खोचायची, चौथ्या दिवशी न्हाऊन वहीत उतरवायची.

त्या महिन्यात लुगडं धुतलं — चिठ्ठीसकट. हातात नुसता लगदा! लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सांगायचं धाडस झालं नाही. मागचेपुढचे आकडे पाहिले आणि अंदाजानं भरले. खरे काय होते, आठवत नाही. फट मिटलीही असेल.

संध्याकाळी अमेरिकेतून जयतीर्थचा फोन. माझ्या मुलाला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. विचारलं, बाबांच्या वहीत चूक निघाली तर रे? "अम्मा, ट्राम्स आर डेड. हू विल चेक?" रागानं नाही म्हणाला. घाईत होता.

२६ फेब्रुवारी

हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मद्रासला, बावीस मार्चला. म्हणजे सांगायचं तर आताच.

सांगितलं तर ह्यांची अख्खी वही संशयात — अठरा उन्हाळ्यांचं काम! न सांगितलं तर कुठेतरी रूळ उचलेल. वर भरलेली ट्राम, खाली नदी.

२ मार्च

आज लक्ष्मीप्रियेला निरोप धाडला, उद्या ये म्हणून. दूधवाल्याच्याच हाती.

३ मार्च

सांगितलं! लक्ष्मीप्रियेनं ती तीन पानं पुन्हा उलटून पाहिली. मग म्हणाली, "मामी, माझी आजी तर अजून मला तीन दिवस लोणच्याच्या बरणीकडे बघू देत नाही." दोघी हसलो. माझं हसू मध्येच रडू झालं.

जाताना म्हणाली, "सरांचा या वहीवरचा छापील लेख मद्रासच्या लायब्ररीत आहे. त्यात हे आकडे आलेत का, पाहून येते." मी तो कधीच वाचला नाही. माझ्याच्यानं वाचवलाच नाही.

११ मार्च

तिनं लेखाची झेरॉक्स आणली. तक्त्यात त्या तीन दिवसांची जागा कोरी. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ — निरीक्षकाची प्रकृती ठीक नसल्याने नोंदी नाहीत.

त्या तीन दिवशी दोन्ही टोकांच्या आकड्यांचा हिशेब जुळत नव्हता, लक्ष्मीप्रिया म्हणाली. त्यांना तेव्हाच कळलं असणार. म्हणजे सत्तावीस वर्षं एकाच घरात मी लपवत होते आणि हेही लपवत होते. एकदा बोललो असतो तर किती हसलो असतो!

वही लक्ष्मीप्रियेला द्यावी. ती तीन पानं फाडू नयेत. मापपट्टी जयतीर्थला, कशाची ते तिनंच त्याला इंग्रजीत समजवावं. कॉफीचा फिल्टर आणि पितळी डबे राजमला.

छापील लेख कुणाला नाही. तो मद्रासला न्यायच्या पिशवीत ठेवला आहे. मी परत आले नाही तर माझ्याबरोबर जाऊ द्यावा.