बाबांची रनर

प्रिय दादा,

नाही, फेकत नाहीये मी! खरंच खेळले. आपल्या क्लबकडून, लीगच्या सेमीफायनलला, पॅड-बिड बांधून. परवा फोनवर तू हसत सुटलास आणि तेवढ्यात बाबा खोलीत आले, म्हणून कट केला. चॅटवर लिहिलं असतं तर तू नुसता अंगठा पाठवला असतास, म्हणून हे कागदावर. रियाजचाचांच्या हफिजाचाची रत्नागिरीला चालल्यात, त्या मुंबईत उतरल्या की पोस्टात टाकतील.

तर झालं असं, की मीना अब्दुल्ला बंदराच्या रिफायनरीत दुरुस्तीचं शटडाऊन लागलं आणि आपले निम्मे प्लेयर शुक्रवारच्या सुट्टीतसुद्धा ड्यूटीवर. रियाजचाचा नेहमीसारखी पिकअपमधून पिचवर अंथरायची मॅट घेऊन आले. कॅप्टन असून अजून स्वतःच खिळे ठोकतात. मॅट लावून झाल्यावर कळलं, एक जण कमी! माझ्याकडे बघून म्हणाले, "अगो पोरी, तूच घे बॅट." बाबा म्हणाले, "अहो, ती स्कोअर लिहिते फक्त." लीगवाल्यांनी नियम उघडून बघितले. मुलगी चालणार नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं! दादा, ग्लव्ह्जसुद्धा चाचांनी घालून दिले.

माझी बॅटिंग विचारू नकोस. बरं, विचार. शून्य. पहिलाच बॉल मॅटवरून असा उसळला की थेट स्लिपच्या हातात. आपले शेवटच्या नंबरचे साबीरभाई म्हणाले, "टेन्शन नको बेटा, मीपण पहिल्या मॅचला शून्यच केलेला. दुसऱ्या मॅचलापण."

पण खरी मजा पुढे. बाबा मस्त सेट झाले होते आणि एक रन घेताना त्यांच्या मांडीची शीर ओढली गेली. आपल्या लीगमध्ये अजून रनर चालतो ना, म्हणजे मारणार बाबा आणि पळणार दुसरंच कोणीतरी. आऊट झालेल्यांत सगळ्यात फास्ट कोण? मी! बाबांना पटतच नव्हतं. "मी सांगेन तेव्हाच पळायचं," दहा वेळा बजावलं. पण मग जमलं रे! ते ढकलायचे, मी सुटायचे. एकदा तर "शाबास" म्हणाले. केमिस्ट्रीत पंच्याण्णव पडले तेव्हा ‘पाच कुठे गेले?’ विचारलेलं, आठवतं?

शेवटचे दोन बॉल, तीन रन हव्यात. बाबांनी बॉल कव्हरला ढकलला आणि त्यांचा तो "पळ!" आला, पार्किंगपर्यंत ऐकू जाणारा. मी सुटले. समोरून रियाजचाचा. आणि बघते तर काय, बाबासुद्धा पळतायत! लंगडत, बॅट पुढे धरून. रनर घेतला की बॅट्समननं क्रीजमध्येच थांबायचं असतं, आणि हे मॅटच्या मधोमध! कीपरनं आरामात चालत येऊन बेल्स उडवल्या. समोरची टीम हसून हसून वाळूतच बसली. रनही गेली, बाबाही गेले. मग आले साबीरभाई. डोळे मिटून बॅट फिरवली आणि चौका! आपण फायनलला, दादा! चाचांनी मला खांद्यावर घेतलं, मी इतकी ओरडले की अजून घसा बसल्यासारखी बोलतेय.

आता जे फोनवर सांगता येत नव्हतं ते. तू इंजिनिअरिंग सोडून पुण्यात बेकरी काढलीस तेव्हापासून आपल्या घरात तुला नाव नाहीये. बाबा ‘तो’ म्हणतात, आणि तेही आईनं विषय काढलाच तर. सगळ्यांना वाटतं बाबा रनर विसरले. पण मी त्यांच्या बाजूलाच, स्क्वेअर लेगला उभी होते, मला नीट ऐकू आलं. ते नुसतं ‘पळ’ नव्हतं. "आलोक, पळ!" म्हणाले. आणि मग स्वतः पळाले, ओपनिंगला तुम्ही दोघं पळायचात तसे. चाचांनीपण ऐकलं. संध्याकाळी बाबा मांडीवर बर्फ धरून बसले होते, मधेच म्हणाले, "पुण्यात तो खेळतो का गं अजून?" फायनल तीन आठवड्यांनी आहे, बाबांचा पाय काही तोवर बरा होत नाही, आणि ओपनरची जागा रिकामी आहे. चाचा म्हणतात टीमच्या यादीतून तुझं नाव त्यांनी कधी काढलंच नव्हतं. फक्त व्हिजिट व्हिसाला बाबांचं इथलं ओळखपत्र, सिव्हिल आयडी लागणार, म्हणजे त्यांना विचारावंच लागेल. तुला काय वाटतं दादा, तू स्वतः फोन करून विचारावंस, की इथेही रनर मीच?

शून्यावर आऊट, तरी तुझीच,
जुईली