करपा आणि मामांचा अंगठा

तीर्थरूप चैतराममामा,

तुमच्या आणि मामीच्या पायांना हात लावून रेणू नागपूरहून लिहिते. गुडघा कसा आहे? (तेल लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवता?) हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अर्धं कामठा गाव ऐकतं.

गोंदियाला फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून मी कॉम्प्युटर सायन्सच्या एम.एस्सी.ला आले खरी, पण पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर झाड काढलं, मूळ वर आणि पानं खाली. मी हात वर करून सांगितलं, सर, उलटं झालं. अख्खा वर्ग हसला. (कॉम्प्युटरवाले माहितीचं झाड असंच काढतात म्हणे. धान पिकवणाऱ्या घरातल्या मुलीला हे आधी सांगायला नको?)

मग प्रोजेक्ट आला. पानाचा फोटो पाहून धानावरचा करपा रोग ओळखणारा प्रोग्राम मी करत होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण दुखऱ्या गुडघ्याने धानाच्या बांध्यांतून फिरून सहाशे फोटो तुम्हीच पाठवले. त्यांवर प्रोग्राम शिकला आणि शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर सांगू लागला. मी हवेत. सगळ्या विभागासमोर तो दाखवायच्या दिवशी आमच्या जमुना मॅडमनी कुंडीतलं तुळशीचं पान हातात धरून फोटो काढला. उत्तर आलं, करपा. पान बाजूला ठेवून नुसत्या हाताचा काढला. तरी करपा. मॅडम स्वतःच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिल्या.

त्या दुपारी मी बॅग भरली आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "काऊन रडून रायली वो? मशीन चुकली, तू थोडीच चुकली. पाहून त घे का झालं थे." तेव्हा मला बी.एस्सी.चे खुशाल सर आठवले. रीडिंग फारच सुंदर आलं की ते म्हणायचे, आधी उपकरणावर संशय घ्या. म्हणून सहाशे फोटो एकेक करून पाहिले. रोगट पान नीट दिसावं म्हणून तुम्ही दरवेळी बोटांत धरलं होतं, आणि निरोगी पानं उभ्यानेच काढली होती (गुडघा). प्रोग्राम करपा शिकलाच नव्हता. तो तुमचा अंगठा ओळखत होता.

बोटं कापून (फोटोतली) त्याला पुन्हा शिकवलं. आता शंभरात एक्क्याऐंशी. मॅडम म्हणाल्या, यंदा वर्गात विश्वास ठेवावा असा हा पहिला आकडा. हसणारी मुलंही आता आपलं काम तपासायला माझ्याकडे आणतात. फिजिक्सची तीन वर्षं फुकट गेली असं मला वाटत होतं. तीच कामी आली, आणि तुमचं ते चिखलात उभं राहणं. समोर बसून हे मला बोलता आलं नसतं.

तुमची भाची,
रेणू

ता. क. खरं काम राहिलंच. मी फिजिक्सचंच एम.एस्सी. करते असं बाबांना अजून वाटतं. (त्यांना फिजिक्सची प्राध्यापक मुलगी हवी आहे.) दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला ते कामठ्याला येतील, तेव्हा तुम्हीच सांगून टाका. माझ्याच्याने होत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच आईचा फोन आला. बाबांना सुरुवातीपासून माहीत आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर त्यांनी वाचूनच सही केली होती. पोरगी स्वतः सांगेल म्हणून गप्प आहेत. तेव्हा तुम्ही काही बोलू नका. मंडईला मीच येते. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा.