ह्यांच्या नावावर माझं लिव्हर

ताईला धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे असंच लिहिणार होते, पण खोटं बोलायलाही आता अंगात त्राण नाही.

तुला ठाऊकच आहे, रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी झाडलोट करते. ह्यांच्या कंपनीनं सगळ्या ड्रायव्हरांना लिव्हर तपासून आणायला सांगितलं. हे रोज संध्याकाळी पिणार, म्हणजे नोकरी गेलीच समज. आम्हा कामवाल्यांची तपासणी वर्षातून एकदा फुकट असते, म्हणून हे आमच्याच लॅबमध्ये रक्त द्यायला आले त्याच सकाळी मीही हात पुढे केला, आणि टेबल पुसता पुसता दोन्ही नळ्यांवरचे नावाचे स्टिकर इकडचे तिकडे केले. (पाप म्हण, काय म्हणायचं ते म्हण. घर मला चालवायचंय.)

रिपोर्ट आले. माझ्या नावावरचं ह्यांचं रक्त धुतल्या तांदळासारखं, आणि ह्यांच्या नावावरच्या माझ्या रक्तात आकडे तिप्पट! मी, जिनं जन्मात दारूचं बूच हुंगलं नाही! लॅबमधल्या चष्मेवाल्याला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, लिव्हर दुखावलं की त्याच्या आतला माल रक्तात गळतो, तोच आकड्यात दिसतो. गळतंय एवढं कळतं, कशानं गळतंय ते शोधावं लागतं. दारू, चरबी, कावीळ, गोळ्या, जडीबुटीसुद्धा. (जडीबुटी म्हटल्यावर माझे डोळे पांढरे झाले. तू पाठवलेली गुडघेदुखीची पूड मी चार महिने दोन्ही वेळ खातेय.)

झालं, कंपनीनं ह्यांना सहा आठवड्यांसाठी गाडीवरून खाली उतरवलं. घाबरून दारू सोडली. बावीस वर्षं मी घसा फोडून जे झालं नाही, ते एका स्टिकरनं केलं. दिवसभर पोटावर हात ठेवून पडतात, पचपचीत खातात आणि मलाच सुनावतात, तुला काय कळणार आजारी माणसाचं, तुझं लिव्हर ठणठणीत! खरं सांगावं तर ह्यांना गाडी परत मिळेल आणि बाटलीही. माझं काम जाईल ते वेगळंच. न सांगावं तर माझ्या लिव्हरकडे बघणार कोण? दमले गं.

तुझी,
धाकटी

ता.क. पत्राला बसले ते खरं एवढ्यासाठीच : ती पूड तू माझ्या दुप्पट खातेस. आजच बंद कर आणि रक्त तपासून घे. स्वतःच्या नावानं.

आणखी एक ता.क. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पत्ता घालायला पाकीट ह्यांच्याकडे दिलं, तर ह्यांनी आतलं सगळं वाचलं. मी कपाळाला हात लावून बसले. ह्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, चप्पल घाल, आधी तुला डॉक्टरला दाखवू, कंपनीत काय सांगायचं ते मी बघतो. आणि पिण्याचं काय, मी विचारलंच. तर म्हणे, तुझे आकडे खाली येईपर्यंत थेंब नाही. आता तूच सांग ताई, बरं व्हायची घाई करू का नको?