आधी दगड टाक

गुणवंतभाऊ,

आम्ही अंदमानले जाऊन आलो. जातीबाहेर लग्न केलं म्हणून नऊ वर्सं तू माह्याशी बोलला नाही, तरी हे तुलेच सांगायचं आहे.

बेटापाशी नाव थांबली. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात तरंगतं जाकीट घालून आशिष आन् आमची पोरगी प्रज्ञा पाण्यात उतरले, पण काच-नळी लावूनही माहे पाय उचलेनात. आपल्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पोहणं शिकवताना तू म्हणायचा, "आधी दगड टाक, साप दूर होतात." नावेत दगड कुठचा? मी पिशवीतलं संत्रं फेकलं. नाववाला रागावला, "यहाँ कुछ नहीं फेंकना, दीदी." संत्रं तरंगून राहिलं होतं, ते आणाले मीच उडी मारली. मंग खाली पिवळे मासे दिसले, आन् किती तरी वेळ मी मान वर काढलीच नाही.

निघताना सौंसरच्या स्टँडवर ती संत्र्याची पिशवी कंडक्टरनं दिली होती, कोणाची ते न सांगता. पण देठाले दोन पानं ठेवून तोडणारा तूच एक.

हे पत्र मी टपालात टाकत नाही, त्याच कंडक्टरच्या हातानं पाठवतो. येत्या रविवारी आम्ही तिघंही तुह्याकडे येतो. प्रज्ञाले पोहणं शिकायचं आहे. विहिरीत दगड टाकून ठेवजो.

तुही,
सुचिता