चार गोट्या

कांचघर, जबलपूर
१८ जानेवारी २००९

चि. लतिका,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. तिसरा महिना लागला, ही बातमी आईला फोनवर आणि मला मात्र पत्राने, कारण बाबा फोनवर नुसतं 'हं, हं' करतात. तक्रार मान्य. आईने गल्लीभर पेढे वाटले. विनयरावांना जय भीम सांग.

मी ठीक आहे. रिटायर झाल्यापासून जेवण झालं की विहाराच्या अंगणात उन्हात खुर्ची टाकतो आणि डोळा लागतो. झोपेत हल्ली नर्मदेचं पाणी दिसतं, काठच नसलेलं. त्यात तू उभी असतेस, दोन वेण्या घातलेली, आठवीतली. काहीतरी मागतेस. मला ऐकू येत नाही. जाग येते तेव्हा ऊन पायांवरून सरकून गेलेलं असतं.

आता इथली गंमत ऐक. तुमच्या शाळेत रक्त घ्यायला आलेल्या डॉक्टर विभावरी आठवतात? सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी तेरा वर्षं त्यांनी आपल्या वस्तीतली घरं तपासली. आता अभ्यास पुरा झाला. त्या म्हणाल्या, ज्यांच्या रक्तातून हे कळलं त्यांना ते आधी कळायला हवं, आणि इतरांना त्यांनीच सांगावं. म्हणून वस्तीतल्या आम्हा पाच जणांना सोप्या भाषेत लिहायला बसवलं. त्यांचा कागद इतका अवघड की मला पेंग आली. कुसुमबाईने तो सरळ बाजूला सारला. तिच्या मुलाला हा आजार आहे, हाडं दुखून बिचारा लोळत असतो. ती म्हणाली, "दीदी, पिशवीत चार गोट्या टाका, एक लाल, ती आजाराची. मायबाप दोघांच्याही रक्तात दोष असला तर दर लेकराच्या वेळी हात घालायचा, अन् गोटी परत आत टाकायची. एकदा लाल निघाली म्हणून पुढं निघत नाही, असं नाही." डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. तेच छापलं.

मागच्या रविवारी ते मी विहारात वाचलं. शेवटी लिहिलं होतं, की दोष निघालेल्या बहुतेक मुलींच्या घरच्यांनी लग्नाच्या वेळी तपासणीचं कार्ड लपवलं. ती ओळ मी घाईघाईने वाचली. समोर कलावती होती. तिने खरं सांगितलं होतं, आणि तिच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. तिने विचारलं, "भाऊजी, तुमच्या पोरीच्या लग्नात तुम्ही कार्ड दाखवलं होतं काय?"

मी म्हणालो, "हो, दाखवलं होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, लतिका.

परवा उन्हात पुन्हा डोळा लागला, आणि तू काय मागतेस ते ऐकू आलं. "बाबा, माझा कागद द्या ना."

किती वेळ ताकाला जाऊन भांडं लपवू? दोष तुझ्या रक्तात आहे, माझ्याकडून आलेला. आठवीत तुझं कार्ड आलं ते मी ठेवून घेतलं आणि तुला 'सब ठीक है' सांगितलं. तुझं ठरलं तेव्हा कलावतीच्या मुलीचं मोडलेलं ताजं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी मनाची समजूत घातली. या दोषाचा त्रास तुलाही नाही, मलाही जन्मभर झाला नाही, म्हणून विसरणं सोपं गेलं. आईला यातलं काहीच ठाऊक नाही. तिच्यावर रागावू नकोस.

विनयरावांचं रक्त लगेच तपासून घ्या. त्यांच्यात दोष नसेल तर बाळाला या आजाराची भीती नाही. असेल तर बाळाचीही तपासणी होते, पण ती वेळेत करावी लागते. हे फोनवर सांगायला मी तीनदा बसलो. तुझं 'बाबा' ऐकलं की 'जेवलीस काय' एवढंच तोंडातून निघतं. मला भीती वाटते, पोरी. म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवून राहिलो. कार्ड सोबत आहे.

येत्या रविवारी बरगीला वाचायचं आहे. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. वाटलं, कागद काढून घेतील. त्या म्हणाल्या, "काका, आधी मुलीला सांगा. मग तुम्हीच वाचा." तिथे मी लपवणाऱ्यांत माझं नाव घेणार आहे. तुझं घेऊ की नको, ते तू ठरव. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर आईजवळ निरोप दे. ती का म्हणून विचारेल, तेव्हा तिलाही मीच सांगेन.

तुझी वस्तू तुला तेरा वर्षं उशिरा देणारा,
तुझा बाबा
देवीदास