साहेबाच्या सिनेमातला मुराळी

लोणावळे, दसऱ्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप कोंडाजीराव व्याही यांस भिमाजीचा साष्टांग रामराम. आपला दमा कसा आहे? विहीणबाईंचे गुडघे? आमच्या लेकीला, रतनला, भातकापणीमुळे यंदाही दिवाळीला माहेरी यायची फुरसत नसेल. (गेल्या दिवाळीलाही कापणीच होती, म्हणून आपण तिचा मामा नथू यास उंबऱ्यावरून परत धाडलेत. ते मी केव्हाच विसरलो.)

हमाली सोडून मी सिनेमाचा तंबू टाकला, हे आपण जाणताच. रविवारी मुंबईहून एक मुका विलायती खेळ आला. त्यात एक हबशी गोऱ्या पोरीला पळवतो. हबशी कसला, साहेबच तो, तोंडाला काजळी फासलेला. मान मात्र कणकेसारखी पांढरी. काळा तो चोर नि गोरा तो देव, असा बनवणाऱ्याचा न्याय. (या न्यायानं मावळात कुणी सुटायचं नाही, आपण दोघे तर आधी.)

पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायला आमचा गेणू. त्याला इंग्रजी येत नाही आणि खेळ त्यानंही आधी पाहिलेला नव्हता. रडणारी पोर, तिला गाडीत घालणारा काळा बाप्या, एवढं पाहून तो ओरडला, "मामा आलाय बायांनो, मुराळी! दिवाळीला न्यायला!" बायकांनी पदर डोळ्याला लावले. मग घोड्यावरून गोरा नायक पिस्तूल घेऊन मागं लागला. गेणू म्हणाला, "ही सासरची मान्सं! पोरीला सोडंनात!" झालं! तंबू पेटला. नायकानं मामाला गोळी घातली, तशी बायकांतून आरोळी आली, "आरं मुडद्या, चार दिस जाऊ दे की पोरीला म्हायेराला!" पाठोपाठ कुंकू लागलेला ओटीचा नारळ आला आणि नायकाच्या नाकातून आरपार गेला. पुढच्या खुर्च्यांवर खंडाळ्याच्या बंगल्यातले साहेब होते. आपला नायक जिंकला असता लोक का रडतात, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
भिमाजी

ता. क. नथूमामा वसुबारसेला बैलगाडी घेऊन रतनला न्यायला येतील. त्यांचा रंग अस्सल आहे, पुसून पाहू नये.

ता. क. दुसरा. विहीणबाई रविवारी एकवीरेला गेल्या होत्या म्हणे. त्यांचा नारळ घरी पोचला नसेल, तर काळजी नसावी. माझे कान आपणांस ठाऊक आहेत, ओळखीची आरोळी ते अंधारातही ओळखतात. पडद्याचं भोक तसंच ठेवलंय. रतन आली की ठिगळ लावील, तिचा हात शिवणात चांगला. तोवर येणारा जो तो विचारतो, हे कुणी केलं? मी अजून सांगितलेलं नाही.