मागच्या दारचं मनःशांती केंद्र

१ जानेवारी १९७८, रविवार. पहाटे ५.
नवं वर्ष, नवी डायरी. पहिला संकल्प: रोज पहाटे उठणे. आज उठलो. (रात्रभर झोपच नव्हती, पण उठणं ते उठणं.)

दुसरा संकल्प मोठा आहे. सोलापुरात डोकं दुखलं तर गोळी देणारे शंभर, डोकं बिघडलं तर सल्ला देणारा एकही नाही. ही उणीव मी भरून काढणार. पुढच्या खोलीत 'मनःशांती सल्ला केंद्र', वेळ ४ ते ६, मोफत. नोव्हेंबरात ऑफिसच्या काउंटरवर वीस माणसांसमोर सही करताना माझा हात अडला आणि मी घरी निघून आलो, तेव्हापासून याच विषयाचा अभ्यास चालू आहे. रजा कारणी लागली. ऑफिसचं नंतर बघू.

दाक्षायणीला सांगितलं. ती शेंगा कुटत होती. आधी ऑफिसचं बघा की, म्हणाली. आमच्या हिला दूरदृष्टी अशी नाहीच.

३ जानेवारी.
बोर्ड लागला. निळ्यावर पिवळी अक्षरं. 'मनाचे सात मजले' हे भाषण तयार. पंचेचाळीस मिनिटं. पाचव्या मजल्यावर जरा गोंधळ आहे, पण तिथवर पोचेपर्यंत पेशंट बरा झालेला असेल.

५ जानेवारी. सायं. ६.
कोट घालून दोन तास बसलो. आले फक्त शेजारचे अण्णाराव. त्यांनी रस्त्यातूनच बोर्ड खड्या आवाजात वाचला आणि कुणाचं डोकं फिरलंय, असं विचारलं. तेवढ्यात एक गृहस्थ उंबऱ्यापर्यंत आले होते, ते अण्णारावांना बघून टपाल तिकिटं मिळतील का म्हणाले आणि सटकले.

कारण कळलं. लाज. पुढच्या दारानं आलं की गल्लीभर बोभाटा, मग पोरीबाळींची लग्नं अडतात.

६ जानेवारी.
मास्टरस्ट्रोक! बोर्ड काढला. आता प्रवेश मागच्या बोळातून. मागच्या दारी दाक्षायणी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी विकते, त्यामुळे कुणाला संशय येणार नाही. चटणीला आलोय असं दाखवायचं आणि स्वयंपाकघरातून पुढं माझ्याकडं यायचं. अण्णारावांना अगदी गुपित म्हणून सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळेल.

९ जानेवारी.
कळलं. मागच्या दारी चपलांचे पाच जोड. मी पुढं ताठ बसून. सहा वाजले तरी आत कुणी आलं नाही. चटणी मात्र भलतीच खपतेय. संक्रांत जवळ आली, दुसरं काय.

१२ जानेवारी.
पेशंट! रेवणप्पा, मिलमध्ये कामाला. पुण्याच्या हॉस्पिटलात तीन महिने राहून आलाय. गडी बरा आहे, पण लोक वेडा म्हणतील म्हणून मिलच्या गेटात पाय टाकवत नाही. खरं तर तो माठातलं पाणी प्यायला पुढं आला होता, पण मी गाठला. दुसऱ्या मजल्यापर्यंत नेला. मग मागं अक्का (म्हणजे आमची ही) थांबल्यात म्हणून उठला.

पडद्याआडून ऐकलं. ही त्याला सांगत होती की डॉक्टरचा कागद आधी मुकादमाच्या हातात दे. पहिल्या दिवशी कामाला जायचंच नाही, नुसता गेटवर चहा प्यायचा आणि परत यायचं. तेही एकट्यानं नाही, भावाला घेऊन. शास्त्रीय आधार शून्य.

१५ जानेवारी.
गड्ड्याच्या जत्रेला गेलो. गर्दीत छाती धडधडली, घाम फुटला, पाय लटपटले. पाळण्यात न बसताच. लक्षणांचा प्रत्यक्ष अनुभव घेणारा संशोधक विरळाच. अभ्यास पुरेसा झाल्यावर लगेच घरी आलो.

१९ जानेवारी.
होटगीची चंद्रव्वा आली. सून बाळंत झाल्यापासून रडतेय, बाळाला जवळ घेत नाही. चंद्रव्वा मांत्रिकाकडं निघाली होती. मी तिसऱ्या मजल्याची टिपणं घेऊन उठेपर्यंत दाक्षायणीनं तिला सरकारी दवाखान्याचा वार, खिडकी, सगळं सांगून टाकलं. वर दम दिला की रात्री बाळ तू सांभाळ, त्या पोरीला झोपू दे.

२३ जानेवारी.
रेवणप्पा कामावर रुजू! पेढे आणले. मागच्या दारीच दिले, पण रोख माझ्याकडं होता. दोन मजल्यांत हा गुण. सातही झाले असते तर मॅनेजर झाला असता.

चंद्रव्वाचा निरोप आला की सून दवाखान्यात जातेय, काल जरा हसलीसुद्धा. मी पुढं बसलेला असतो, याचा आतल्यांवर परिणाम होत असावा.

२५ जानेवारी. दुपार.
ऑफिसचं पत्र. १ फेब्रुवारीला डॉक्टरच्या सर्टिफिकेटसह हजर व्हा, नाहीतर नाव कमी करू. गादीखाली ठेवलं.

सायं. ५. पेशंट नसल्यानं भाषण स्वतःलाच दिलं. पहिल्या मजल्यावरच अडकलो. चहाची बशी धरवेना.

भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही. ती वीस माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि नोकरी गेली तर आमचं दोघांचं काय होणार?

२८ जानेवारी.
केंद्राची तपासणी करावी म्हणून बोळातून मागं गेलो. चपला काढल्या. रांगेत तिसरा. नंबर आल्यावर दाक्षायणी हसली नाही. सगळ्यांना विचारते तेच विचारलं: झोप लागते का, जेवण जातं का, ऑफिसात नीट बोलणारं कोण आहे. मी सगळं सांगितलं. पत्राचंही.

ती भाकरी थापायची थांबली. "अडीच म्हैने वाट बघतीय," म्हणाली, "तुमी कवा येता म्हणून."

मला रडू आलं. मागच्या माणसानं चटणीची पुडी दुसरीकडं बघत हातात धरून ठेवली.

३० जानेवारी.
दोघं डॉक्टरकडं. सर्टिफिकेट मिळालं, गोळ्याही. डॉक्टरांना सात मजले सांगणार होतो, हिनं कोपर मारलं.

३१ जानेवारी.
ऑफिसच्या गेटवर चहा प्यालो. आत गेलो नाही. परत आलो. हिच्या मते हे काम झालं. सोबत रेवणप्पा होता. हिचा नियम असा की जो जाऊन आलाय, त्यानं नव्याला न्यायचं.

१ फेब्रुवारी. रात्री.
हजर झालो. मस्टरवर सही केली. सही कोंबड्याच्या पायासारखी आली. कुणी बघितलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, बसा, फायली तुंबल्यात.

संध्याकाळी रेवणप्पा सायकल धरून गेटवर उभा. वाटेत त्याला तिसरा मजला सांगायला घेतला. रेल्वेचं फाटक उघडेपर्यंत त्यानं ऐकलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, तुमी माजी पयली केस हाय. लई चांगलं चाललंय तुमचं. उद्या बी येतो."

मी बरं म्हणालो.